गिटारीची भुणभुण

गंगाधररावांच्या गिटारीचं एक वैशिष्ट्य होतं. ती वाजवावी लागत नसे. बटण दाबलं की आपली आपण सुरू होई, ‘घुंऽऽऽ’ करून. मग गंगाधरराव तिला मांडीवर आडवी घेत, डाव्या हातातली पोलादी कांब तारांवर टेकवत, उजव्या हाताने तार छेडत, आणि त्या घुंकाराच्या पार मागे, परसातून कोणी हाक मारावी तसा एक सूर ऐकू येई. तो सूर उत्तम आहे असं गंगाधररावांचं ठाम मत होतं. बाकी गल्लीला तो ऐकूच येत नसल्यामुळे तिला मत बनवायची सोय नव्हती.

साखर पेठेतल्या त्या गल्लीला आवाजाचं वावडं होतं असंही नाही. गंगाधररावांच्या भिंतीला भिंत लावून रत्नम्माच्या नवऱ्याच्या यंत्रमागांची शेड होती. तिथे दिवसभर चादरी विणल्या जात, त्यामुळे गल्लीतली माणसं प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडून बोलत. माग सुरू झाले की गिटार त्यांच्या मोटारींना ओ दिल्यासारखी आणखी जोरात घुमे. कचेरीत गंगाधरराव कारकून होते. तिथे सगळ्यांचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. पण हक्काच्या वाद्यानेही आपलं न ऐकता शेजारच्या मोटारीचं ऐकावं, हे त्यांना फार लागे.

गणपतीत तर अब्रूच गेली. गल्लीच्या मांडवात त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. त्यांनी बटण दाबलं, ‘घुंऽऽऽ’ सुरू झालं, आणि लाउडस्पीकरवाल्या धुळाप्पाला वाटलं की आपलंच मशिन बिघडलं. त्याने इमानदारीने आवाजाची कळ पार खाली फिरवून ठेवली. गंगाधरराव डोळे मिटून अख्खं भजन मुक्याने वाजवत राहिले. डोळे उघडले तेव्हा टाळ्या पडत होत्या. त्या भजनाला नव्हत्या, भुणभुण थांबली म्हणून होत्या, हे त्यांना घरी आल्यावर बायकोकडून कळलं.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण अकलूजहून निरोप आला की सासरे आबासाहेब दसऱ्याला येणार आहेत, आणि खास गिटार ऐकायला येणार आहेत.

त्याचं असं होतं की ही गिटार गंगाधररावांना दिवाळसणाला मिळाली होती. इतरांचे जावई घड्याळासाठी रुसतात, फार तर स्कूटरसाठी रुसतात. गंगाधरराव विजेवरच्या गिटारीसाठी रुसले. आबासाहेबांनी आयुष्यात जावयाचे रुसवे पुष्कळ पाहिले होते, पण हा प्रकार नवा होता.

“वीज लागती व्हय त्येला?” ते म्हणाले होते. “मग पानी उपसायचा पंप घ्या की जावईबापू. त्यो तरी कामाला येतुया.”

तरी त्यांनी शब्द पाळला, माणूस पाठवून मुंबईहून गिटार मागवली. तेव्हापासून अकलूजच्या घरात तिचं नाव ‘फळी’ पडलं. मालती माहेरी गेली की तिचे भाऊ एकामागून एक विचारत, “भावजींची फळी काय म्हणती? हिरवी पालवी फुटली का न्हाय अजून?” मालती हसून उत्तर देई आणि सोलापूरला येईपर्यंत एसटीत कोणाशी बोलत नसे. ती गंगाधररावांना कधी काही म्हणाली नव्हती. पण आबासाहेबांचा निरोप आला त्या दिवशी भाकरी थापता थापता तिने शांतपणे सांगितलं, “या वेळेला नीट वाजली नाही तर मी ती माळ्यावर टाकणार आहे. आणि अकलूजला कळवणार आहे, चोरीला गेली म्हणून.”

माळ्यावर त्या घरात एकदा गेलेली वस्तू परत खाली आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

गंगाधररावांनी कंबर कसली. सगळा दोष पिकअपचा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तारांच्या पोटाखाली जी बोटभर डबी असते ती म्हणजे पिकअप. आत लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. वर तार थरथरली की खाली विजेला कळतं आणि ती पुढे जाऊन कर्ण्याला सांगते. अडचण एवढीच की ही डबी कानांची फार हलकी होती. तारेचं ऐकता ऐकता ती मागाच्या मोटारीचं, दिव्याचं, इस्त्रीचं, सगळ्यांचं ऐकायची आणि पुढे जाऊन सांगायची. अशी माणसं कचेरीतही असतात आणि त्यांचा बंदोबस्त अवघड असतो.

सल्ले आपोआप आले. समोरच्या घरातले नारायण मास्तर शाळेत विज्ञान शिकवत, त्यामुळे विजेवर पहिला हक्क त्यांचा होता. “अर्थिंग नाही, गंगाधरराव! भुणभुण जमिनीत सोडा. ओली माती पाहून तार गाडा.” घरात कायम ओली असणारी माती एकाच ठिकाणी होती. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलेल्या मालतीला कुंडीतून निघून खिडकीवाटे आत गेलेली वायर दिसली. त्यानंतर जे झालं त्यात भुणभुण नव्हती, स्वच्छ आणि खणखणीत आवाज होता.

धुळाप्पाच्या मनाला गणपतीपासून लागून राहिलं होतं. तो म्हणाला, “सायेब, डबीला चांदीचा कागुद गुंडाळा. शिग्रेटच्या पाकिटातला. भुणभुण भायेरच्या भायेर परत जाती.” गंगाधरराव सिगारेट ओढत नसत. म्हणून ते कचेरी सुटल्यावर पानाच्या टपऱ्यांपाशी रेंगाळून रिकामी पाकिटं खिशात भरू लागले. ती धुवायला टाकलेल्या पॅंटच्या खिशात सापडल्यावर मालतीची समजूत घालण्यात एक संध्याकाळ गेली. एवढं करून भुणभुण जरा कमी झाली, पण तिच्याबरोबर सूरही कमी झाला.

तेव्हा गंगाधररावांनी मोठा निर्णय घेतला. जुनी डबी काढायची आणि तिच्या जागी घरी बनवलेला पिकअप बसवायचा, तोही दोन कॉइलींचा. एका कॉइलीचा सूर एवढा, तर दोन कॉइलींचा दुप्पट. मग भुणभुण बिचारी आपोआप दबून जाईल. हिशेब इतका सरळ होता की तो अजून कोणाला कसा सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

लोहचुंबक मास्तरांच्या शाळेत होते. छोटे, जाडसर, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला काळे रंगवलेले. पण सरकारी मालमत्ता निरुपयोगी ठरल्याशिवाय बाहेर देता येत नव्हती. चुंबक निरुपयोगी आहेत हे हेडमास्तरांच्या समोर सिद्ध व्हायला हवं होतं, आणि गंगाधररावांना तर ते उपयोगाचेच हवे होते. कचेरीत इतकी वर्षं काढूनही त्यांना यातून वाट दिसेना. वाट मास्तरांनी काढली. त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर टाचण्या पसरल्या आणि त्यावरून चुंबक फिरवले. एकही टाचणी हलली नाही. हेडमास्तर हळहळले, मुलांनी फार आपटले असणार म्हणाले, आणि मान हलवून परवानगी देऊन मोकळे झाले. टाचण्या पितळेच्या होत्या. पितळ चुंबकाला धूप घालत नाही, हे हेडमास्तरांना माहीत असायचं कारण नव्हतं, ते संस्कृतचे होते.

बारीक तार धुळाप्पाने जुन्या रेडिओतून काढून दिली. ती गुंडाळायची कोणी? गंगाधररावांनी हाताने सुरुवात केली, आणि जांभई येताच कितवा वेढा ते विसरले. मग त्यांना भिंतीपलीकडची रत्नम्मा आठवली. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात ज्या सुताच्या कांड्या घालतात, त्या ती दिवसभर रहाटावर भरायची. तिच्यासमोर तार धरली तेव्हा ती हसायलाच लागली.

“साहेब, हे काय सूत आहे का बाळाचे केस आहेत?”

पण तिने कॉइल भरून दिली, आणि अशी भरली की बघत राहावं. वेढ्याला वेढा लागलेला, कुठे फुगवटा नाही. गंगाधररावांनी ती जोडली. सूर नाही आणि भुणभुणही नाही, कॉइल ठार मुकी. पुन्हा रत्नम्माकडे.

“मधे तुटली होती का हो तार?”

“तुटली ना, पुष्कळदा तुटली,” रत्नम्मा अभिमानाने म्हणाली. “पण मी लगेच गाठ मारली. शोधून दाखवा गाठ कुठं आहे ते!”

गाठ खरंच सापडत नव्हती. पण त्या तारेवर वार्निशाचं कवच असतं. ते न खरवडता मारलेली गाठ सुताला पुरते, विजेला पुरत नाही. हे रत्नम्माला समजावून सांगताना गंगाधररावांना अगदीच ओशाळल्यासारखं झालं, कारण तिचं काम इतकं सुरेख होतं. तिने ऐकून घेतलं, रहाट हळू फिरवून दोन्ही कॉइली न तोडता नव्याने भरल्या, आणि वर सांगितलं, “आता वाजलं नाही तर माझं नाव घेऊ नका.”

नवमीच्या आदल्या दिवशी सगळा साज बसला. दोन्ही कॉइलींत चुंबक घातले, दोघांची लाल टोकं वर केली, कारण शिस्त म्हणजे शिस्त. फक्त ते दोघे शेजारी नांदायला तयार होईनात. लाल टोकाला लाल टोक आलं की ते एकमेकांना ढकलत, आणि दुसरी कॉइल बेडकासारखी उडी मारून बाहेर येई. शिवाय ती तारांपासून थोडी खालीही पडत होती. उंचीचं गणित फार नाजूक. जवळ गेली तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर बिघडतो, लांब राहिली तर ऐकूच येत नाही. खाली घालायला काहीतरी पातळ, सपाट आणि टणक हवं होतं. अशी वस्तू सोलापुरात घरोघरी असते. गंगाधररावांनी डब्यातून कडक भाकरी काढली, तिचा चतकोर मोडला आणि कॉइलीखाली सारला. उंची तंतोतंत जमली. वरून पत्र्याचं झाकण दाबून त्यांनी स्क्रू पिळले.

मग बटण दाबलं.

सूर दुप्पट झाला होता, हिशेबाप्रमाणे. भुणभुणही दुप्पट झाली होती. पलीकडे रत्नम्माचा नवरा माग बंद करून बाहेर आला आणि कुठली मोटार जळतेय ते पाहू लागला.

गंगाधररावांनी गिटार भिंतीला टेकवली. मग त्यांना एक आशा दिसली. दसऱ्याला माग बंद असतात. मोटारी नाहीत तर ऐकणार कोणाचं? त्यातून उद्या सकाळी उठून चुंबक थोडे मागेपुढे करून पाहू, असं ठरवून ते जेवायला उठले.

पण उद्या खंडेनवमी होती. सकाळी ते अंघोळ करून आले तेव्हा पाटावर विळी, सुरी, हातोडी, शिवणयंत्राची कात्री आणि मधोमध गिटार मांडलेली होती. गिटारीला हळदकुंकू लागलेलं, गळ्यात झेंडूची माळ.

“अगं, मला ती उघडायची आहे!”

“पूजेतली हत्यारं आज कोणी उचलत नाही. उद्या सोनं लुटून आल्यावर हात लावायचा. आमच्या अकलूजला आज नांगरालासुद्धा कोणी शिवत नाही.” आणि मग आवाज चढवून, “आणि वाद्याच्या पोटात भाकरी कोणी कोंबली? खरकटं आत ठेवून वर पूजा करायची? झाकणाच्या फटीतून चुरा गळत होता, मी ते उघडून पुसून घेतलं म्हणून बरं. बाबांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते?”

 उंचीचं तंतोतंत गणित खरकट्या भांड्यांबरोबर निघून गेलं होतं. पण आत काय झालं हे बघायलाही दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मुभा नव्हती. त्यांनी पाटासमोर हात जोडले. बघणाऱ्याला ते भक्तीने जोडले आहेत असं वाटलं असतं.

दसऱ्याला सकाळच्या एसटीने आबासाहेब आले. फेटा, धोतर, हातात अडकित्ता. आल्याआल्या त्यांनी पाटाकडे पाहिलं.

“हीच व्हय ती फळी? पूजा लई झ्याक मांडली पोरी.”

 मालतीने वडिलांना पाणी दिलं आणि आत जाताना नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्याने गंगाधररावांची उरलीसुरली भूकही गेली.

सोनं लुटून मंडळी परतली, तोवर झाकण उघडून बघायला वेळच उरला नव्हता. दिवेलागणीला गल्लीतला देवीचा मांडव भरला. गंगाधररावांचं वादन तिथेच ठेवलं होतं. माग बंद होते, गल्ली कधी नव्हे ती शांत होती, आणि गंगाधररावांना जरा धीर आला. तोवर त्यांनी स्टेजकडे पाहिलं. धुळाप्पाने गणपतीतल्या चुकीची भरपाई म्हणून, पदरचं सामान लावून, स्टेजला चारी बाजूंनी ट्यूबलाइटची आरास केली होती. प्रत्येक ट्यूबमागे चोक होता आणि प्रत्येक चोक आपापल्या परीने गुणगुणत होता.

“सायेब, आता बगा कसं!” धुळाप्पा म्हणाला. “आन या बारीला मी कळ फुल ठेवनार हाय. काय बी होऊ दे.”

समोर पहिल्या रांगेत आबासाहेब सुपारी कातरत बसले होते. बाजूला मालती पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. मागे रत्नम्मा. नारायण मास्तर कडेला उभे, निष्कर्ष काढायच्या तयारीत. गंगाधररावांनी माळ काढली, गिटार मांडीवर घेतली, मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

घुं नाही, भुण नाही, साधी खरखर नाही. आजवर ही गिटार जिवंत आहे हे कळायची एकच खूण होती, आणि आज तीच नव्हती. गंगाधररावांना समजून चुकलं की पुसताना कॉइलीची तार तुटली. ते मुक्या गिटारीसमोर बसले होते, आणि या वेळी तर कळ फुल होती. धुळाप्पाने लांबून हाताने विचारलं, चालू हाय का बंद? मांडवात कोणी खोकलं. आबासाहेबांचा अडकित्ता थांबला. मालतीने मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान गंगाधररावांना सोसवेना. मुकं तर मुकं, पण वाजवून उठायचं, असं त्यांनी ठरवलं. कांब टेकवली आणि पहिली तार छेडली.

मांडवाच्या छतापर्यंत सूर भरून गेला. भरदार, गोल, ओला सूर. मागे काही नाही, पुढे काही नाही, नुसता सूर. तो संपला तेव्हा तो संपल्याचंही ऐकू आलं. गंगाधरराव स्वतःच दचकले आणि क्षणभर इकडेतिकडे पाहू लागले, कोण वाजवतंय म्हणून. मग त्यांनी कांब सरकवली आणि गणपतीतलं तेच भजन सुरुवातीपासून धरलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. हे सगळं बघायचं होतं.

त्यांना दिसलं की आबासाहेबांच्या तळहातावरची कातरलेली सुपारी तशीच राहिली आहे. मागच्या बायका ठेका धरताहेत, आणि रत्नम्मा शेजारणीला कोपराने ढोसून ‘कांड्या माझ्या’ असं सांगतेय. मालतीची मान वर आली होती आणि ती समोर न बघता सारखी वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. भजन संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या कशासाठी आहेत हे घरी जाऊन विचारायची गरज नव्हती. गंगाधररावांची छाती सदऱ्यात मावेना.

“जावईबापू,” आबासाहेब स्टेजपाशी येऊन म्हणाले, “ह्यो आवाज लाकडातनं न्हाय येत. ह्यो गळ्यातनं येतुया की!”

घरी ओट्यावर सगळे जमले. नारायण मास्तरांना मात्र चैन पडेना. “ट्यूबलाइट एवढ्या, आणि भुणभुण शून्य? शास्त्रात बसत नाही. उघडा.”

गंगाधररावांनी तोंडावर शास्त्रज्ञाचा गंभीरपणा आणला आणि झाकण उघडलं. दोन्ही कॉइली एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. पहिलीचं लाल टोक वर होतं. दुसरीचं काळं.

“ही पालथी कोणी केली?” ते म्हणाले.

“मीच,” मालती म्हणाली. “भाकरी काढली तर ही दुसरी उडी मारून बाहेर आली. परत बसवायला गेले तर दोघं एकमेकांना ढकलायला लागले. मग एकाला पालथं घातलं. लगेच चिकटून बसले, गुण्यागोविंदाने. उंचीसुद्धा आपोआप जमली. का, काही बिघडलं का?”

मास्तर कपाळाला हात लावून बसले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. “अहो गंगाधरराव, बाहेरची भुणभुण एका कॉइलीतून सुलटी येते, दुसरीतून उलटी. दोघी मिळून ती खाऊन टाकतात. आणि तारेचा सूर मात्र दोघींतून सारखाच येतो, कारण कॉइलीबरोबर आतला चुंबकही उलटला, आणि उलट्याचं उलट म्हणजे सुलट. तो दुप्पट! काय डोकं आहे हे!”

“माझी मूळ कल्पना तीच होती,” गंगाधरराव म्हणाले. “फक्त अंमलबजावणी...”

पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. आबासाहेबांनी लेकीला जवळ बसवलं होतं आणि ते मास्तरांकडून सगळं परत समजावून घेत होते. उलटं कोणतं, सुलटं कोणतं, आणि पोरीनं नेमका हात कुठं घातला.

दिवाळीला अकलूजला बोलावणं आलं, फळीसकट. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या आणि अर्धं गाव लोटलं होतं. गंगाधररावांनी नवीन कोट घातला होता. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बटण दाबलं, आणि मेव्हण्यांपैकी एकजण म्हणाला, “बंद पडली वाटतं फळी.”

“गप ऱ्हा,” आबासाहेब गरजले. “फळी म्हनायचं न्हाय. आन ती बंद न्हाय. गप बसायला शिकवलंय तिला, आमच्या पोरीनं.” मग ते उठून उभे राहिले, फेटा सारखा केला आणि गावाकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, “मंडळी, ही आमच्या मालतीची गिटार हाय! वाजवायला जावईबापू आल्यात!”

गंगाधररावांनी मालतीकडे पाहिलं. भावांच्या मधोमध ती ताठ बसली होती, आणि या घरात इतकी ताठ बसलेली त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. त्यांनी ओठावर आलेली मूळ कल्पना गिळली, कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि तार छेडली.